देवदाराचा घेर

ही गोष्ट खरी आहे. तिखटमीठ लावून सांगायची माझी सवय नाही, आणि माझ्या मावशीची तर मुळीच नाही. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. मोजल्याशिवाय ती काही मानत नाही.

हिवाळ्यातली दुपार. सव्वाचार वाजलेले.

शहरातलं जुनं दफनस्थान दीडशे वर्षांपूर्वी बागेसारखं आखलेलं आहे. वळणावळणाच्या वाटा, तळं, हिरव्या उतारांवर थडगी. तिथल्या जुन्या झाडांचे घेर मावशी नोंदवत होती. टेपचं टोक धरायला काका, म्हणजे तिचे यजमान.

लग्नापासून तुझ्याभोवती फिरतोय, आता झाडांभोवती, असं ते दर झाडाला म्हणायचे. मावशी दर वेळी हसायची.

शेवटचं झाड देवदाराचं होतं. तिघांच्या कवेत मावणार नाही असं. काका टोक घेऊन बुंध्याआड गेले. मावशीच्या हातातल्या चकरीवरून टेप सुटू लागली.

पाच मीटर. सहा. आता ते दुसऱ्या बाजूने दिसायला हवे होते.

सात…

अकरा…

"अहो, कुठे निघालात?"

पाचोळ्यावर पावलं वाजत होती. त्यांचीच संथ चाल… लांब लांब जाणारी.

जवळ एक माळी पानं गोळा करत होता. मावशीने त्याला हाक मारली, पलीकडे बघायला सांगितलं. तो झाडाला वळसा घालून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

तिकडे कोणीच नाही, म्हणाला. टेपसुद्धा नाही.

अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

टेप संपली. ताठ झाली. मावशीने दोन्ही हातांनी ओढली, तसूभरही हलली नाही. तिची बोटं वळून आली.

मग पावलं थांबली.

फेरी पुरी करून टोक पक्कं धरलं की काका नेहमी दोनच शब्द बोलायचे, मग मावशी चकरी त्यांच्याकडे सोडून आकडा लिहून घ्यायची. तेच आले… अगदी जवळून, बुंध्यामागून.

"धरलंय. सोड."

इतक्या वर्षांची सवय. बोटं आपसूक उघडली.

चकरी खडखडत बुंध्याआड गेली.

नंतर काहीच नाही.

पोलिसांनी तळं उपसलं, उतार पिंजून काढले. काका सापडले नाहीत. माळ्याला तर तो आवाज ऐकूच आला नव्हता.

दोन वर्षं झाली. मावशी अजून विचारते, "मी सोडायला नको होतं ना गं?"

मी तिचा हात धरून बसते. तू तरी काय करणार होतीस, म्हणते.

तो आवाज खरंच काकांचा होता का, एवढं विचारायचं मात्र माझ्याच्याने होत नाही.