धावपट्टीवरची तूर

ते मोबाईल ठेवा खाली, पोट्टेहो. मले त्याची किळस काहून येते, ते सांगतो.

माहा साळा प्रेमसिंग. दारव्ह्याच्या अलीकडं जुनी धावपट्टी हाय, तिचा चौकीदार. इमान तिथं कित्येक सालात उतरलं नाई, म्हनून सारं गाव तिथं ताडपत्र्या आथरून तूर वाळवते. मागच्या साली, नऊ जानेवारी, गुरुवार. पहाटे चार वाजता प्रेमसिंग आपल्या तुरीवर ताडपत्री झाकाले गेलता. धुकं असं, का सोताचा हात दिसे ना. गावचे आठ जन तिथंच राखनीले निजले होते.

तेवढ्यात त्याले पोलीस ठान्यातून फोन आला. "फौजेचं विमान धुक्यात भरकटलंय. तेल पंधरा मिनिटांचं उरलंय. पट्टी मोकळी करा, दोन्ही टोकांना उजेड करा!"

वर घरघर चालूच होती. प्रेमसिंगनं साऱ्यायले हलवून उठवलं. "उठा बे! तूर बाजूले ओढा! वर जिता मानूस हाय!"

अन् हे काय म्हनते? "दवात तूर भिजन ना, प्रेमसिंगभाऊ." असं म्हनून मोबाईल काढले अन् आभाळाकडं धरले. शूटिंग! थू तुमच्या जिनगानीवर!

प्रेमसिंगनं अलीकडच्या टोकाले फटफटीचा लाईट चालू ठेवला अन् एकटाच ताडपत्र्या ओढत सुटला. पल्ल्याडचं टोक अंधारात. तिथवर एकटा कसा पोचन? रडाले आलं त्याले.

मंग... पल्ल्याडून आवाज आला.

सर्र... सर्र...

ताडपत्री ओढल्याचा. त्याले वाटलं, आली बावा कोनाले तरी लाज. वळून पायलं. सारे मांगंच उभे. आठच्या आठ. मोबाईल वर.

सर्र...

घरघर खाली आली. खोकली. बंद पडली...

मंग चाकं टेकली. इमान थांबलं.

पायलट उतरला. पोरगंच होतं. म्हने, "उधर जो लालटेन दिखा रहा था, उसे बुलाओ. उसके पैर छूने हैं."

लालटेन... आता कोनाकडं हाय?

धावजीकडं होती. प्रेमसिंगच्या आधीचा चौकीदार. दोन साल आधी, अशाच धुक्यात, त्याच टोकाले, तुरीचा ट्रॅक्टर त्याच्या आंगावर गेला. पोते फुटले. याच लोकायनं आधी तूर भरली. मंग धावजीकडं पायलं. थो लालटेनीतून सांडलेल्या घासलेटात पडून होता... गार.

सकाळी पाह्यतो तं पल्ल्याडची सारी तूर बाजूले सरकवलेली, एक दाना सांडला नाई. अन् या लोकायनं काय केलं? फोटो काढले, पोते शिवले, तूर विकून मोकळे! शी!

परवा माह्या सुनेनं, संगीतानं, दुकानातून दाळ आनली. वरन केलं. पह्यलाच घास म्या थुकला.

घासलेट...

वरनाचं भांडं, थो गंज, तीनदा राखेनं घासला. थो पाहा, मोरीपाशी पालथा हाय. जा... हुंगून या.