टाकीतलं औषध

आचऱ्याच्या किनाऱ्यासमोर, खडकांच्या जवळ, ट्रॉलरचं इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

नांगर टाकला. तळाशी गुळगुळीत कातळ होता, नांगर धरत नव्हता. वारा होडीला हळूहळू खडकांकडे ढकलत होता. वायरलेसवरून हाक दिली, पण मदत पोचायला वेळ लागणार होता. लाटा अशा फुटत होत्या की पोहून जाणंही शक्य नव्हतं. चौघे अडकले.

होडीचा मालक आणि तांडेल, म्हणजे कप्तान, भाई इंजिनच्या खणात उतरला. ड्रायव्हर सिद्धेशने फिल्टर उघडला होता. तळाशी लाल, दाट काहीतरी साचलं होतं.

"ह्या काय रे?"

"म्हायत नाय, भाई. सकाळी टाकयेत औषध घातलंय, तेवढाच."

औषध म्हणजे डिझेलात मिसळायचं लाल रसायन. टाकीत गाळ धरू नये, पंप गंजू नये म्हणून घालतात.

"कितक्या घातलंस?"

"टाकी भरल्ली म्हणान अख्खो कॅन."

भाईचा भाचा सुदेश वरून वाकला. "मामा, मी सांगी होतंय. सिद्धेशान इंजिन मारल्यान. आता तरी होडी विका."

सिद्धेश फिल्टर पुसत राहिला. इंजिन मारणारा ड्रायव्हर असं नाव झालं की बंदरावर कोणी कामाला घेत नाही.

"भांडा मगे," खलाशी प्रीतम म्हणाला. "घसो सुकलो. सुदेश, सरबत खंय?"

सुदेशच्या घरी कोकम सरबताचा पाक करून विकत. दर फेरीला तो थोडा आणायचा, पाण्यात घालून सगळे प्यायचे.

"इसारलंय."

भाईने औषधाचा रिकामा कॅन उजेडात धरला. वास औषधाचाच होता. झाकणाच्या आट्यांत लाल मुंग्या चिकटल्या होत्या.

"काल सांजेक होडयेर कोण होतो?"

"मी बर्फ भरी होतंय," प्रीतम म्हणाला. "सुदेश जाळी बघूक इल्लो."

"सुदेश, आज तू येवचो नव्हतंस मा?"

"तुमीच बोलावल्यात."

"होय. एक माणूस कमी पडलो म्हणान. तेव्हाच तुझा तोंड उतरला."

खाली नांगर खरवडला. खडक आणखी जवळ आले.

भाईने कॅन सुदेशपुढे ठेवला.

"औषधाक मुंग्यो लागनत नाय. गोडाक लागतत. ह्यात कोकमाचो पाक होतो. औषध लाल, पाक लाल, कॅनाक वास आधीचो. सिद्धेशाक कळतला कसा? पण पाक डिझेलात मिसळना नाय, तळाक बसता. म्हणान धक्क्यार इंजिन सुरू झाला. हय लाटांनी टाकी ढवळली, तेव्हा तो पायपात गेलो. आणि रोजचा सरबत नेमक्या आजच इसारलंस?"

सुदेशने कॅन बाजूला सारला.

"एकच सांग. नुसतो पाक, की मीठ, वाळू पण? वाळू असात तर पंप गेलो. आणि आपण पण."

सुदेश खडकांकडे बघत राहिला. मग खाली बसला.

"पाकच, मामा. होडी धक्क्यारच बंद पडात, तुमी कंटाळून विकशात, असा वाटला. पर्यटकांची बोट घेवची होती माका."

सिद्धेशने टाकीच्या तळाचा नळ सोडला. आधी लाल पाक आला, मग स्वच्छ डिझेल. प्रीतम बादली धरून होता.

"गावला सरबत," तो म्हणाला.

फिल्टर धुतला. पंपातली हवा काढली. सिद्धेशने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं. पुन्हा फिरवली. या वेळी धरलं.

भाईने सुकाणू खोल पाण्याकडे वळवलं.

"मामा," सुदेश म्हणाला.

"धक्क्यार पोचलव की तू उतर," भाई मागे न बघता म्हणाला. "होडी ऱ्हवतली."