कडुनिंबाखालची निवळ

गोळ्यांचे दिवस संपले होते. औषधाच्या दुकानात आता बाटलीतून मातीची निवळ मिळायची, आणि लोक ती मुकाट्याने प्यायचे.

डुकरं लवकर गुबगुबीत व्हावीत म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्या खाद्यात जंतुनाशक औषधं घातली गेली. ती सांडपाण्यातून शेतात उतरली आणि मातीतले जंतू ती पचवायला शिकले. या निर्ढावलेल्या जंतूंवर शेवटी एकच उपाय उरला, त्यांना फस्त करणारे विषाणू. लोक त्यांना जंतुखाऊ म्हणत. पण जिथे जंतू, तिथेच त्याचा जंतुखाऊ जगतो. जंतू रूप बदलतो तसा तोही बदलतो. म्हणून ज्या वावराचा आजार, त्याच वावराची ताजी माती दर महिन्याला लागायची.

स्नेहल मगदूमचं वावर देवदत्त खर्डेकरच्या वराहकेंद्राच्या खालच्या अंगाला होतं. तिची चार वर्षांची सई त्याच जंतूंनी गेली. वावरात सोडलेलं सांडपाणी बंद करा म्हणून स्नेहल तापलेली पोर कडेवर घेऊन त्याच्या फाटकावर बसली, तर त्याने कुत्री सोडली. पाणी शुद्ध करायची टाकी त्याने बांधली होती, पण नुसती दाखवायला; सांडपाणी तिच्यात कधी सोडलंच नाही.

पुढे तोच आजार त्याला जडला, आणि पोरीचं करता करता स्नेहललाही. तो शहरात राहायला गेला, तरी दर महिन्याला तिच्या बांधावर येणं त्याला चुकलं नाही. स्नेहल त्याला चपला काढायला लावी आणि सईला पुरलं होतं त्या कडुनिंबाखालची माती हाताने उकरायला लावी. त्याची मातीने भरलेली नखं पाहून तिला बरं वाटायचं. पण तेवढ्याने तिचं भागत नव्हतं.

गावातली मुलं आजारी पडतच होती. सांडपाणी वावरात आणणारा पाइप लोक फोडतील आणि आपली औषधाची माती जाईल, या धास्तीने खर्डेकरने पाइपच्या व्हॉल्व्हची चावी स्नेहलच्याच हवाली केली.

"बाई, तुमचाही जीव याच पाण्यावर आहे," तो म्हणाला. "तुमच्याइतकं कोण सांभाळणार?"

तिथेच तो चुकला.

सांडपाणी वावराऐवजी टाकीकडे वळवलं तर काय होईल, असं स्नेहलने गावच्या डॉक्टर तन्वीला विचारलं. तन्वीने समजावलं, की मातीला औषधाचा खुराक मिळेनासा झाला की निर्ढावलेले जंतू मागे पडतील, आणि ते गेले की जंतुखाऊही उपाशी मरतील.

"मुलं वाचतील. पण खर्डेकर जातील. आणि तुम्हीही."

"आधी कोण जाईल, तेवढं सांगा."

"ते. त्यांच्या किडन्या आताच थकल्यात."

"त्यांना सांगणार आहात?"

तन्वीच्या दवाखान्यात तेव्हा पाच मुलं तापाने फणफणत होती. ती उठून त्या मुलांकडे गेली.

स्नेहलने त्याच दुपारी चावी फिरवून सांडपाणी टाकीकडे वळवलं, आणि वावर सुकलेलं दिसू नये म्हणून कालव्याचं पाणी घेतलं.

काही महिने गेले. खर्डेकर येतच होता, चपला काढत होता, उकरत होता. माती दिसायला तशीच काळीभोर होती. त्याचा चेहरा सुजत चालला होता. स्नेहललाही अधूनमधून कणकण वाटे, पण त्याचा चेहरा आठवला की तिला झोप लागायची.

त्या दिवशी त्याने बांधावरच माती पाण्यात कालवली, निवळ पिऊन टाकली आणि नेहमीसारखे हात जोडले.

या वेळी स्नेहलनेही जोडले.