वर चढणारे मासे

इराकमधल्या नासिरियाच्या संग्रहालयात संशोधक रबाब शिडीवरून उतरत होती, तेवढ्यात वीज गेली. अंधारात खालून आवाज आला, "हलू नका. शिडीचा पाय माझ्या पायावर आहे."

"अगंबाई — माफ करा!"

"असू द्या. दुसरा आहे अजून."

दिवे आले तेव्हा समोर उंच, सावळा, ओठ दाबून हसणारा माणूस उभा होता. नवा इलेक्ट्रिशियन मुतशर, चिबायिशच्या पाणथळीतला. रबाबच्या शिळेवर दिवा बसवायला आला होता. दिवा तासाभरात बसला, तरी पुढचे आठ दिवस त्यात रोज काहीतरी 'बघायचं' राहायचंच. रबाबनंही कधी हरकत घेतली नाही.

शिळा म्हणजे जुन्या देवळाच्या भिंतीचा हातभर तुकडा. त्यात पाण्याच्या रेषा, पाण्यात मासे, आणि त्यांच्या वर खवल्यांची नक्षी. खवले म्हणजे ढग, देव पाऊस पाठवतोय, असं रबाबनं तीन वर्षं खपून लिहिलं होतं. प्रबंध आता छापायला जायचा होता.

नवव्या दिवशी, छपाईच्या आदल्या संध्याकाळी, मुतशरनं दिवा अगदी बाजूला, खाली धरला. तिरप्या उजेडात एकेक रेषा उठून आली.

"डॉक्टर रबाब, हे मासे निघालेत कुठे?"

"अजून डॉक्टर झाले नाही. खाली निघालेत, पाण्याबरोबर."

"आमच्याकडचे नाही हो असे जात. वाहत्या पाण्यात माशाचं तोंड पाणी जिकडून येतं तिकडे. लहानपणी आम्ही तोंडं बघूनच प्रवाह ओळखायचो."

रबाबनं माशांची खाली वळलेली तोंडं पाहिली; मग पाणी काय खालून वर येतंय? तिनं शिळेचं चित्र टेबलावर ठेवलं… आणि हळूच उलटं फिरवलं. मासे वर चढू लागले. पाण्याच्या रेषा, देवाच्या हातून निघाव्यात तशा, वर एकत्र निघून खाली पसरल्या. आणि खवले गेले तळाशी. डोंगर! जुने कारागीर डोंगर असेच खवल्याखवल्यांनी कोरायचे, हे तर ती पहिल्या वर्षी शिकली होती.

"तीन वर्षं," ती पुटपुटली, "डोंगर आभाळात टांगून ठेवला मी."

तिचे डोळे भरले तसा तो गडबडला. "मी उगाच बोललो… आम्हाला माशांतलं कळतं, देवांतलं नाही —"

तिनं मार्गदर्शक बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बरं झालं, पोरी, आजच कळलं. मला ते ढग कधी पटलेच नव्हते."

"मग बोलला का नाहीत?"

"सिद्ध कुठे करता येत होतं? छपाई महिनाभर पुढे ढकलते. जा, नीट लिही."

रबाब खोक्यावर मटकन बसली. हसू आवरत नव्हतं. मुतशरनं चहाचा छोटा पेला तिच्या हातात दिला.

"प्रबंधात तुमचं नाव घालणार आहे मी. पूर्ण सांगा."

"मुतशर. वडील सहूद, आजोबा फालिह. टोळी बनी असद. घर बोटीच्या धक्क्याजवळ, म्हशी अकरा, धाकट्या बहिणीचं लग्न झालं, मी सिगारेट ओढत नाही —"

"अहो, एवढं तर मुलगी मागायला आल्यावर सांगतात!"

तो कानापर्यंत लाल झाला. दिव्याची वायर उगीचच गुंडाळत राहिला. "मग… सांगायला कुठे येऊ?"

"तुम्ही नाही. आधी आईला पाठवा." तिनं कागदाच्या कोपऱ्यावर पत्ता लिहिला, कोपरा फाडून त्याच्या तळहातावर ठेवला. "गुरुवारी. माझे बाबा पाचला चहा घेतात."