मांडीमागचा ठोका

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण बाल्कन डोंगरांच्या पायथ्याशी आमच्या गावच्या इस्पितळात त्या हिवाळ्यात जे घडलं, ते सिस्टर त्सोंकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

डॉक्टर गेंचेव्ह मोठे सर्जन. हात सफाईदार, पण घाई फार. आणि जिभेला हाड नाही.

नेदेल्या आजी गालिचे विणायची. तिच्या कुल्ल्यावर गाठ आली होती.

"डॉक्टर, ती उडते रे. बाकावर बसले की खालून कुणी ठोठावतंय असं वाटतं. हात लावून बघ ना."

"बसून बसून काळीज खाली घसरलं असेल, आजी," गेंचेव्ह हसले. "गळू आहे. फोडून टाकू."

हात न लावताच चिरलं.

रक्ताची चिळकांडी थेट वरच्या दिव्यापर्यंत...

ते गळू नव्हतंच. जन्माआधीच सुकून जाणारी एक धमनी आजीच्या पायात तशीच राहिली होती. कुल्ल्यातून, मांडीच्या मागून खाली. सगळा पाय तिच्यावरच जगत होता आणि तीच तिथे फुगली होती. रक्त थांबवायला गेंचेव्हनी ती बांधली. पाय काळा पडला, कापावा लागला. आजी त्यातून उठली नाही.

जाताना एवढंच म्हणाली, "हात लावला नाहीस ना? आता लावशील."

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, तिच्या फोटोची शोकपत्रकं झाडांवर चिकटली. इस्पितळाच्या फाटकावरही.

त्याच दुपारी एक ट्रकवाला गळू घेऊन आला. या वेळी गेंचेव्हनी हात ठेवला.

धक्... धक्...

"त्सोंका, बघ. उडतंय."

तिने बोटं टेकवली. "काहीच नाही हो, डॉक्टर."

सोनोग्राफीतही धमनी दिसली नाही. शेवटी दुसऱ्या डॉक्टरने चिरलं. नुसता पू.

तेव्हापासून प्रत्येक गाठीत तोच ठोका...

मग त्यांच्याच मुलीला, व्याराला, मांडीच्या मागे गळू झालं. पोर तापाने फणफणली.

"चिरू द्या ना दुसऱ्या डॉक्टरांना," बायको रडत म्हणाली. "सोनोग्राफीत धमनी नाहीये."

"मशीन चुकतं. हात चुकत नाही."

दोन दिवस त्यांनी कुणाला सुरी लावू दिली नाही. मोठे डॉक्टर, त्यांना अडवणार कोण? तोवर विष पायभर पसरलं.

आत धमनी नव्हती. पूच होता.

व्याराचा पाय मांडीपासून काढला.

ती शुद्धीवर यायच्या आत गेंचेव्ह तिच्या खाटेशी आले. पाय असायचा त्या जागी, सपाट चादरीवर, त्यांनी हात ठेवला.

"त्सोंका... अजून उडतंय."

त्यांची समजूत काढायला तिनेही हात ठेवला.

या वेळी तिच्याही हाताला ठोका लागला.