लिंबाला मारलेली मिठी

लाईट येईस्तोवर गुमान बसा, सांगतो. माझा आतेभाऊ बिभीषण, सिरसाळ्याकडचा. त्याच्या तोंडून ऐकलंय, पदरचं काही नाही.

२०१८ सालचा पोळा, नऊ सप्टेंबरची रात्र. पावसानं महिनाभर दडी मारलेली. साडेबाराला लाईट यायची, म्हणून बिभीषण मोटार चालू करायला निघाला. बायको सुभद्रानं विचारलं, "मोटारीला जाताना फवारायचा पंप कावून नेताय?" त्यानं पंप पाठीला अडकवला.

शेजारचं रान उत्तरेश्वरचं. त्या साली अळीनं सगळ्यांच्या सोयाबीनची चाळणी केली. पण सोसायटीनं उत्तरेश्वरला किडीला रोग लावणारी बुरशी दिलती. त्याचं रान हिरवंगार. सोसायटीत शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्या दिवसापासून बिभीषणाला घास गिळवेना. वर उत्तरेश्वरनं हौसेनं दाखवलं, "हे बघ दादा. बुरशी आंगात भिनली की अळी शेंड्याला चढती. मिठी मारती, अन् तशीच मरती. मग वरून हिरवी भुकटी येती. उरलेलं औषध तूच ने."

"नको," बिभीषण म्हणाला. त्याच्या हातनं घेण्यापरीस पीक गेलेलं बरं.

आता पंपात होतं बुरशीनाशक. एकदा फवारलं की उत्तरेश्वरची बुरशी मेली, अन् अळी मोकाट. उत्तरेश्वर बापाला घेऊन बीडच्या दवाखान्यात गेलता. रानात चिटपाखरू नव्हतं.

बिभीषणानं उत्तरेश्वरच्या सोयाबीनची एक ओळ फवारली. दुसरी धरली. बॅटरीचा उजेड बांधावरच्या कडुलिंबावर पडला...

वर कुणीतरी होतं.

खोडाला हातापायांनी मिठी मारलेली. कपाळ सालीला टेकलेलं.

"कोण हाय बे?"

...

"उत्तरेश्वर? उतर खाली. मी... मोटारीला आलतो."

हालचाल नाही. श्वास नाही. आंगावर पांढरी लव. उजेडात ती वाढत होती.

मग मान वळायला लागली. हळू...

बिभीषणानं पंप टाकला आणि पळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेश्वर आला. बिभीषणानं सगळं खरं सांगितलं. सांगता सांगता रडला. उत्तरेश्वर उठला. मग म्हणाला, "चल, बघू."

लिंबावर कुणी नव्हतं. पण दोन पुरुष उंचीवर, सालीवर हिरव्या भुकटीत दोन पंजे उमटले होते. उजवा पुरा. डाव्याला करंगळी नव्हती.

उत्तरेश्वरनं बिभीषणाच्या डाव्या हाताकडं बघितलं. लहानपणी कडबाकुट्टीत करंगळी गेलेला तो हात बिभीषणानं पाठीमागं नेला...