चौदा नंबरचा स्कॅन

ही थाप नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि उगाच काहीतरी रचून सांगणाऱ्यांतली ती नाही.

मंगळवार. भर दुपार. किडनीच्या संशोधन केंद्रातली तळमजल्यावरची स्कॅनची खोली.

ताई तिथे यंत्र चालवायची. सुई नाही, चिरफाड नाही. पेशंटने नुसतं आडवं व्हायचं. किडनीच्या पेशींत ऊर्जा तयार करणारे बारीक कण असतात, मायटोकॉन्ड्रिया. ते धडधाकट असले तर पडद्यावर किडनी उजळ दिसायची. थकलेले असले तर काळवंडलेली.

चौदा नंबरचे पेशंट म्हणजे एक म्हातारे शिंपी. त्यांची किडनी दर आठवड्याला काळी पडत गेली. महिन्याभरात ते वारले.

आणि पुढच्या मंगळवारी...

चौदा नंबरच्या फायलीत नवा स्कॅन होता. दुपारी एक चाळीसचा.

किडनी थोडी उजळलेली.

ताईचा संशय लगेच सहकाऱ्यावर गेला. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत किल्ली त्यांच्याकडेच असायची.

"मास्तर, मेलेल्या माणसाचे आकडे सुधारून कुणाला खूश करताय?"

"शप्पथ सांगतो, मी हात लावलेला नाही."

पुढचे तीन मंगळवार तेच. किडनी अजून उजळ...

ताईने केंद्राच्या प्रमुख असलेल्या मोठ्या मॅडमच्या कानावर घातलं. मास्तरांची नोकरी गेली. जाताना ते एवढंच म्हणाले, "आता किल्ली तुमच्याकडे. बसा आणि बघा."

ताई बसली. स्कॅनच्या खोलीला कुलूप. काचेपलीकडे रिकामा पलंग.

एक चाळीस...

यंत्र धडधडू लागलं. तिने बटणाला हातही लावला नव्हता.

पलंगावर अंथरलेला कागद... हळूच दबला. माणसाच्या लांबीएवढा.

यंत्रातली नेहमीची सूचना वाजली, "श्वास आत घ्या."

आतल्या मायक्रोफोनवरून कुणीतरी श्वास घेतल्याचं ऐकू आलं.

"श्वास सोडा."

काहीच नाही...

ताई वाट बघत राहिली. तो श्वास सुटलाच नाही.

पडद्यावर दोन किडन्या. लख्ख.

ताई धावत मॅडमकडे गेली. मास्तरांना परत बोलवा म्हणून हातापाया पडली. मॅडमनी तिच्याकडे नीट बघितलं. "आता तुम्हीसुद्धा?"

त्याच आठवड्यात तिने नोकरी सोडली. मास्तर अजून तिचा फोन उचलत नाहीत.

परवा तिच्या जागी आलेल्या मुलीचा फोन आला. आवाज चिडलेला.

"नोकरी सोडलीत ना तुम्ही? मग दर मंगळवारी तुमच्या नावाचा स्कॅन कसा निघतो? किल्ली आणून द्या आधी."

किल्ली तर ताईने शेवटच्या दिवशीच मॅडमच्या हातात दिली होती.

तिने कसंबसं विचारलं, "किडनी... कशी दिसते?"

पलीकडे फाइल उघडल्याचा आवाज...

"काळी पडत चाललीय."

ताईने तीन ठिकाणी तपासण्या करून घेतल्या. सगळं ठीक आहे म्हणतात. पण तिचा एकाही रिपोर्टवर विश्वास नाही...

आणि खरं सांगू? आता माझाही नाही.